धुतलेल्या शेंगा

आनेकलच्या बसस्टँडमागं सोसायटीचं दुकान होतं आणि दुकानात तुंगाबाई होती. या दोघांतलं आधी कोण आलं, हे बसस्टँडवरच्या कुणालाही नक्की सांगता आलं नसतं. अकरा वर्षांत दुकानाच्या फळ्या दोनदा बदलल्या, तराजू एकदा बदलला, तुंगाबाईचा चष्मा तीनदा फुटला. पण पहाटे पाचला फळी काढायची आणि पहिल्या गिऱ्हाइकाला 'या, बसा' न म्हणता 'काय हवं, लवकर सांगा' म्हणायचं, यात कधी फरक पडला नव्हता.

सोसायटी म्हणजे बंगळुरातल्या राजाजीनगरची ग्राहक सहकारी सोसायटी. रेशनच्या रांगांना कंटाळून पासष्ट साली तीस-चाळीस मराठी घरांनी ती काढली होती. त्यात शिंपी होते, रंगारी होते, दोन कारकून होते आणि एक फोटोवाला होता. आता सभासद अडीचशेच्या वर गेले होते. निम्मी घरं कानडी होती, त्यामुळं भांडणं दोन भाषांत व्हायची आणि एकमेकांचे शब्द पुरते न कळल्यामुळं लवकर मिटायची. दुकानं तीन: दोन राजाजीनगरात, तिसरं आनेकलला. नियम मात्र पहिल्या दिवसापासूनचा होता. प्रत्येक सभासद घरानं वर्षातून दोन अर्धे दिवस दुकानात येऊन हात लावायचा. तांदूळ निवडा, गूळ फोडा, रागी म्हणजे नाचणी चाळा, काहीही करा. याला हातपाळी म्हणत, आणि हातपाळीचं एक वेगळं जाड पुस्तक असे: नाव, तारीख, काम, सही. राजाजीनगरला गेली की तुंगाबाई बाकी सगळं सोडून ते पुस्तक चाळायची. माणूस किती माल नेतो याच्यापेक्षा तो किती खडे वेचतो यावर तिचा जास्त विश्वास होता. अध्यक्ष नरसिंहरावांचा रकाना तीन वर्षं कोरा होता हे तिला पाठ होतं. पण ते ती बोलत नसे, कारण नरसिंहराव तिचे व्याही होते.

मार्गशीर्ष लागला की आनेकलच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. तेव्हा अवरेच्या शेंगा यायच्या. अवरे म्हणजे आपल्या पावट्याची बहीणच, पण थंडीत रात्रभर दहिवर प्यालेल्या या शेंगांच्या सालीवर एक तेलकट, चिकट वास धरतो. इकडं त्याला सोगडु म्हणतात. हात लावला की तो हाताला येतो आणि साबणानं जात नाही. बंगळुरातला माणूस अवरे डोळ्यांनी घेतच नाही. शेंग उचलतो, नाकाशी धरतो, आणि मग पिशवी उघडतो.

शेतकरी अंधारातच पोती घेऊन यायचे. तुंगाबाई प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली शेंग वर काढायची आणि हुंगायची. तिचा नवरा कृष्णाजी एकेकाळचा शिंपी. आता डोळे बारीक शिवणाला चालत नव्हते, म्हणून दाभणानं पोत्यांची तोंडं शिवायचा. पण टाका अजून असा की लग्नातल्या कोटाला शोभावा. मुलगा विनोदकुमार कारखान्यात पाळीवर जाई. सून हेमावती वजन करी, लिही, आणि उरलेल्या वेळात सगळ्यांना हसवी. सहाच्या बसच्या टपावर चार-पाच पोती राजाजीनगरला रवाना होत. संध्याकाळच्या बसनं रिकामी पोती परत येत, आणि त्यांच्या घडीत सेक्रेटरी प्रदीपकुमारची पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी असे.

त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठीत आलं: 'शेंगांना वास नाही. गिऱ्हाइकं हुंगून परत ठेवतात. तीन पोती पडून.'

कृष्णाजीनं ती वाचली आणि दाभणाला दोरा ओवता ओवता म्हणाला, "पडशाची साथ असंल राजाजीनगरात."

"गप बसा की स्वल्प," तुंगाबाई म्हणाली. पण तिला ती चिठ्ठी लागली. वास नाही म्हणजे काय? तिनं उजवा तळवा नाकाशी धरला. सोगडु होता तसा होता.

दुसऱ्या दिवसापासून आभाळ आलं. चार दिवस ढग हटले नाहीत, दहिवर पडलं नाही, शेंगा कोरड्याठाक यायला लागल्या. तुंगाबाईला एका परीनं बरं वाटलं. दोष द्यायला आभाळासारखी सोयीची गोष्ट नाही, ते उलटून बोलत नाही. तिनं चिठ्ठीखाली उत्तर लिहवलं: 'ढग आहेत. थांबा.'

पाचव्या दिवशी आभाळ फाटलं. त्या रात्री असं दहिवर पडलं की सकाळी पोत्यांना हात लावला तर बोटं बधिर झाली. शेंगा उतरवता उतरवता सगळा बसस्टँड घमघमला. कंडक्टर म्हणाला, "अक्का, आज टपावर नको, माझ्या सीटखाली ठेवा." तुंगाबाई दिवसभर खुशीत होती. संध्याकाळी चिठ्ठी आली: 'वास अजिबात नाही. तक्रारवहीत आजच्या नऊ. एकूण सत्तावीस, नावं मागं.'

शेंगा सोलायला येणारी मुनियम्मा पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "तुमची मराठी माणसं भात खाऊन खाऊन नाकानं गेली वाटतं."

"तक्रार करणाऱ्यांत कानडीच जास्त आहेत," हेमावती म्हणाली. "वीस नावं तुमच्यातली."

"मग खरंच वास नसंल," मुनियम्मा गंभीर होऊन म्हणाली.

आठवड्यानं टाइप केलेलं पत्र आलं. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी सोसायटीचं अवरेचं जेवण असे, दरवर्षीचं, आणि जेवणाआधी सभा. पत्रात सभेचे विषय होते. चौथा विषय: 'आनेकल शाखा बंद करण्याबाबत. शाखेचा मुख्य उपयोग अवरे-खरेदी. सदर माल निकृष्ट असल्याच्या सत्तावीस तक्रारी.' खाली सही: नरसिंहराव, अध्यक्ष.

हेमावतीनं ते मोठ्यानं वाचलं, आणि बापाच्या सहीपाशी येऊन थांबली. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाची सही. एकही अक्षर लागत नाही आणि खाली दोन ठिपके.

तुंगाबाई उठली आणि रागीच्या डब्याचं झाकण काढून परत लावलं. मग तिनं तेलाचं माप उलटं होतं ते सुलटं ठेवलं. अकरा वर्षं. निकृष्ट हा शब्द तिला कुणी कधी तोंडानं म्हटला नव्हता, आणि आता तो टाइप होऊन आला होता. दुकान गेलं तर पोटाला कमी पडणार नव्हतं, विनोदकुमारचा पगार होता. पण पहाटे पाचला उठून करायचं काय? शेतकरी पोती घेऊन कुणाच्या दारात जातील? मुनियम्मासारख्या दहा बाया थंडीचे दोन महिने इथं सोलून वर्षाचं कापड घेत, त्यांना काय सांगायचं?

"उद्या मी पोत्याबरोबर जाते," ती म्हणाली.

"टपावर?" कृष्णाजीनं विचारलं.

"तुमच्या खांद्यावर."

ती गेली. एक पोतं टपावर न टाकता पायांशी घेतलं, म्हणून कंडक्टरनं पोत्याचं वेगळं तिकीट फाडलं. गेल्या आठवड्यात सीटखाली ठेवा म्हणणाराच तो. मार्केटला उतरून दुसरी बस धरताना एका सुटाबुटातल्या माणसानं पोत्याकडं बघून पँट वर उचलली. राजाजीनगरला पोचली तेव्हा नऊ वाजले होते. मान धरली होती, पण रस्ताभर तिनं पोत्याच्या शिवणीला नाक लावून तीन वेळा खात्री केली होती. वास होता.

दुकानात तिला स्टूल दिलं. ज्या दुकानासाठी तिनं पोती पाठवली तिथल्या काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर ती बसली. तेवढ्यात नरसिंहराव मागच्या दारातून आले. स्वेटर, मफलर, कपाळाला बारीक गंध, आणि हाताच्या बाह्या वर केलेल्या.

"अहो, विहीणबाई! कळवायचं नाही का? प्रदीपकुमार, कॉफी सांग. साखर कमी." पोत्याकडं बघून ते म्हणाले, "तुम्ही कशाला आणलंत हे? बरं, आणलंत तर चला, मागं या. आम्ही काय व्यवस्था केलीय ती तरी बघा."

मागच्या अंगणात नळ होता. नळाला नवा कोरा हिरवा रबरी पाइप लावलेला होता. फरशीवर तिच्याच आनेकलच्या शेंगांचा ढीग पसरला होता, आणि पाइपातून पाण्याची धार त्यावर पडत होती. माती निघत होती. मातीबरोबर तेलकट, फिकट पाणी मोरीत चाललं होतं. मोरी घमघमत होती.

"पूर्वी नुसती धूळ," नरसिंहराव म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या पिशवीत धूळ. मी म्हटलं, हे चालणार नाही. स्वतःच्या खर्चानं पाइप आणला. रोज सकाळी मी स्वतः उभा राहतो. बघा कशा चकचकीत दिसतात."

चकचकीत दिसत होत्या. लग्नाच्या पंक्तीतल्या पानांसारख्या हिरव्यागार दिसत होत्या. तुंगाबाईनं वाकून एक उचलली, नाकाशी नेली. पाण्याचा वास आला.

प्रदीपकुमार दारात कॉफी घेऊन उभा होता. त्यानं तुंगाबाईच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि एकदम कपबशीकडं बघायला लागला. त्या पोराला माहीत होतं.

"कशा आहेत?" नरसिंहरावांनी विचारलं.

"स्वच्छ आहेत," तुंगाबाई म्हणाली.

संध्याकाळच्या बसनं ती आनेकलला परतली. दुकानात येऊन बसली आणि सगळं सांगितलं. हेमावती आधी ऐकत राहिली. मग तराजूचं पारडं धरून हसायला लागली. मग पारडं सोडून पोत्यावर बसून हसायला लागली. "अण्णा," ती म्हणाली, "अण्णा रोज सकाळी मफलर बांधून सोगडु धुतात." आणि पदरानं डोळे पुसले. मग उठली. "मी फोन करते."

"नको."

"का, अत्ते? एका वाक्याचं काम आहे."

"ते वाक्य कुणाच्या तोंडचं म्हणून ऐकतील ते? तू बोललीस तरी सासूनं शिकवून पाठवली म्हणतील."

"म्हणू देत की."

तुंगाबाईच्या स्वतःच्या लग्नात, श्रीरामपुरमच्या मांडवात, तिच्या सासूनं तिच्या बापाला सगळ्यांदेखत सांगितलं होतं की ओटीचा नारळ किडका आहे. नारळ बदलता आला असता. पण बाप त्यानंतर चौदा वर्षं जगला आणि लेकीच्या घरी कधी पाणीसुद्धा प्याला नाही. मुलाच्या आईचा शब्द मुलीच्या बापाला किती खोल जातो, हे तुंगाबाईनं त्या दिवशी मोजलं होतं. हेमावती घरात आल्यापासून आठ वर्षांत तिनं व्याह्यांच्या एकाही गोष्टीत खोट काढली नव्हती. त्यांनी दिवाळीला पाठवलेला चिवडा वातड असायचा, तोही ती छान म्हणून खायची.

"त्यांचं त्यांना कळलं पाहिजे," ती म्हणाली.

"आणि नाही कळलं तर?"

"तर दुकान बंद," कृष्णाजी म्हणाला, आणि दोरा दातानं तोडला.

सभेच्या आदल्या दिवशी पहाटे दुकानात अकरा बाया बसल्या होत्या. रात्री भिजत घातलेले अवरेचे दाणे मोठ्या पातेल्यांत टम्म फुगले होते. प्रत्येक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा. साल हातात राहते आणि आतली डाळ उडून भांड्यात पडते. दाब कमी पडला तर साल सुटत नाही, जास्त पडला तर डाळ फुटते किंवा समोरच्या बाईच्या कपाळावर जाते. पाण्यानं बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. पाठीला रग लागली होती. दर थोड्या वेळानं कुणीतरी पाय लांब करून चवडे दाबी. मुनियम्माचा वेग सगळ्यांत जास्त. तिच्या हातातून डाळ टपटप पडायची आणि तोंड त्याहून जास्त चालायचं.

"सभेत काय होणार, अक्का?"

"हात वर होतील," तुंगाबाई म्हणाली. "ठेवा म्हणणाऱ्यांचे जास्त, तर ठेवतील."

"आणि शेंगा? त्या कधी सोलायच्या? पाच पोती आहेत."

"त्या नाही सोलायच्या."

बायांचे हात थांबले. दरवर्षी जेवणाचे दाणे आनेकलहून सोलूनच जात.

"जेवणाऱ्यांना सोलू देत," तुंगाबाई म्हणाली. "दोनशे माणसं, चारशे हात. ज्यांची हातपाळी राहिलीय त्यांची फिटेल."

हेमावतीनं सासूकडं पाहिलं, हातातला दाणा दाबला, आणि तो थेट कृष्णाजीच्या चष्म्यावर गेला.

रविवारी पहाटेची बस पकडून तुंगाबाई, कृष्णाजी आणि हेमावती पाच पोती आणि डाळीचे दोन डबे घेऊन राजाजीनगरच्या छत्रात पोचले. छत्र म्हणजे लग्नाचं भाड्याचं कार्यालय. पुढं हॉल, मागं अंगण, चुली आणि नळ. पोती अंगणात उतरवली. कृष्णाजीनं टाके उसवले. दहिवर अजून शेंगांवर होतं. आचाऱ्यानं चुलीपाशी उभ्याउभ्या मान वळवली आणि हसला.

डाळ आचाऱ्याला मोजून द्यायला तुंगाबाई आत गेली, तेवढाच काय तो वेळ. बाहेर आली तर नळाला हिरवा पाइप लागला होता. प्रदीपकुमारनं तीन पोती फरशीवर ओतून धुऊन काढली होती आणि चौथ्याला हात घालत होता.

तुंगाबाई गेली आणि उरलेल्या दोन पोत्यांवर बसली.

"अक्का, उठा की," प्रदीपकुमार हळू आवाजात म्हणाला. "अध्यक्षांनी पाचही सांगितलीत."

"गुडघे धरलेत बाबा. स्वल्प बसू दे."

"किती वेळ?"

"गुडघ्यांना विचार."

प्रदीपकुमार पाइप धरून उभा राहिला. पाण्यानं त्याचे बूट भिजले. मग तो वाकून म्हणाला, "अक्का, मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण त्यांनी पाइप स्वतःच्या पैशानं आणला होता."

"म्हणून सत्तावीस तक्रारी लिहून घेतल्यास?"

"सत्तावीस नाही. एक्केचाळीस," तो म्हणाला. "पुढच्या मी दाखवल्याच नाहीत."

हॉलमध्ये माणसं जमायला लागली. जेवण तयार नाही, शेंगा सोलायच्या आहेत, असं कळल्यावर थोडी कुरकुर झाली. पण सतरंज्यांवर सुपं आणि टोपल्या मांडल्या गेल्या तशी माणसं बसली. तीन पोती धुतलेली, दोन न धुतलेली, सगळी मधोमध. तुंगाबाईनं कुणाला काही सांगितलं नाही. ती भिंतीकडेला बसून आपल्या सुपातलं सोलत राहिली आणि नुसती बघत राहिली.

पहिली दहा मिनिटं सगळे जिथं बसले तिथं सोलत होते. मग एक बाई उठून हुंगत हुंगत दोन पोत्यांकडं सरकली. तिच्यामागं तिची जाऊ. मग एक रिटायर झालेले पोस्टमास्तर मांडी घातलेल्या स्थितीतच, हातांवर रेटा देत, सतरंजीवरून घसरत आले. अर्ध्या तासात हॉल वाकडा झाला होता. एका बाजूला माणसांचा गराडा, गप्पा, हसणं, कुणाच्या सुनेला दिवस गेले याची चर्चा. दुसऱ्या बाजूला तीन हिरवेगार चकचकीत ढीग आणि त्यांच्याजवळ ऐकायला कमी येणारे एक आजोबा.

सीतालक्ष्मी टीचर जुन्या सभासद. सत्तरीच्या, काठीवाल्या, आणि शाळेतला आवाज अजून तसाच. त्यांनी धुतलेल्या ढिगातली शेंग उचलली, हुंगली, न धुतलेल्यातली उचलली, हुंगली. मग काठी आपटली.

"या शेंगा कुणी धुतल्या?"

हॉलमधल्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"अवरे कुणी धुतं का?" टीचर म्हणाल्या. त्यांचं मराठी कानडी घाटणीचं, पण धारदार. "ज्याला एवढं कळत नाही त्याच्या हातात दुकान दिलंय का आपण? आनेकलहूनच अशा येतात का धुवून?"

स्टेजवर नरसिंहराव उभे होते. हातात अहवालाचे कागद. चेहरा असा झाला होता की कपाळावरचं गंध एकटंच राहिल्यासारखं दिसत होतं. त्यांनी एका ढिगाकडं पाहिलं, दुसऱ्याकडं पाहिलं, आणि दीड महिन्याच्या सगळ्या सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. प्रदीपकुमारनं तोंड उघडलं आणि त्यांच्याकडं बघून मिटलं. अडीचशे घरांचा अध्यक्ष, आणि समोर लेक बसलेली, व्याही बसलेले.

"मी," तुंगाबाई म्हणाली. "मी सांगितलं धुवायला. माती होती."

"तू?" टीचर म्हणाल्या. "अकरा वर्षं अवरे घेतेस आणि तू?"

"चूक झाली."

"मग तक्रारी खऱ्याच म्हणायच्या," मागून कुणीतरी म्हणालं. "मग चालवायचं कशाला ते दुकान?" आणखी दोघांनी माना हलवल्या. हातातल्या सोललेल्या शेंगा विसरून माणसं एकमेकांशी बोलायला लागली, आणि त्या बोलण्यात तुंगाबाईला 'बंद' हा शब्द दोन्ही भाषांत ऐकू आला. कृष्णाजी तिच्याकडं बघत होता. तिनं मान खाली घातली आणि पुढची शेंग सोलली. तिला वाटलं, गेलं. दुकान गेलं. पण किडक्या नारळाची गोष्ट परत झाली नाही, एवढं तरी झालं.

हेमावतीही खाली मान घालून सोलत होती. तिनं बापाकडं एकदाही पाहिलं नाही. बोटं मात्र भराभर चालत होती, आणि दाणे सुपात न पडता सतरंजीवर पडत होते.

नरसिंहरावांनी माईक हातात घेतला. माईक किंचाळला. ते थांबले, मफलर सोडून टेबलावर ठेवला.

"पाइप माझा आहे," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

"हिरवा. पस्तीस फूट. सत्तावीस नोव्हेंबरला मी विकत घेतला. त्या दिवसापासून आनेकलची प्रत्येक शेंग मी धुतली. रोज. रविवार धरून." बँकेत तूट निघाल्यावर कबुली देतात तसे ते आकडे देत होते. "पहिली तक्रार अठ्ठावीसची. मी तारीख बघायला हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा बघितल्या. आजही मीच धुवायला सांगितलं. विहीणबाई खोटं बोलल्या."

मग ऐकायला कमी येणाऱ्या आजोबांनी शेजाऱ्याला मोठ्यानं विचारलं, "काय धुतलं म्हणतात?" आणि तिथून हसू सुटलं. सतरंजीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. सीतालक्ष्मी टीचर काठीवर कपाळ टेकून हसत होत्या. हेमावती हसत होती आणि रडतही होती, आणि दोन्ही पुसायला हात मोकळा नव्हता. नरसिंहराव क्षणभर ताठ उभे राहिले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि तेही हसले.

"चौथा विषय," ते म्हणाले. "आनेकलचं दुकान चालू ठेवावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. एकदम, दीडशेच्या वर. तासभर शेंगा सोललेले, चिकट, हिरवट, नखांत साल अडकलेले हात. ते वर गेले आणि पंख्यांच्या वाऱ्यात आले, आणि सगळा हॉल असा घमघमला की मागच्या अंगणातून आचारी दारात येऊन उभा राहिला. प्रदीपकुमार मोजता मोजता दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यानं मोजलंच नाही. "सगळे," असं लिहिलं.

जेवणं उशिरा झाली, पण कुणी बोललं नाही. न धुतलेल्या शेंगांचं सारू, दाबलेल्या डाळीचं उसळीसारखं कालवण, रागीचे मुद्दे म्हणजे उकडलेले गोळे, आणि भात. तीन पोती धुतलेल्या शेंगांचे दाणे आचाऱ्यानं उपीटात घातले आणि वर फोडणी इतकी दिली की ते धुतलेले होते हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

निघताना प्रदीपकुमारनं हातपाळीचं पुस्तक आणलं. ज्यांनी शेंगा सोलल्या त्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. नाव, तारीख, काम: अवरे सोलणे, सही. पान भरत गेलं. नरसिंहराव शेवटी आले, पेन घेतलं, आणि आपल्या नावापुढं थांबले.

"मी तर एकही सोलली नाही," ते म्हणाले. "काम काय लिहू?"

तुंगाबाई पोत्यांच्या घड्या घालत होती. अंगणात नळापाशी हिरवा पाइप वेटोळं होऊन पडला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, व्याह्यांकडं पाहिलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एक काम सांगितलं.

"आधी तो गुंडाळून माझ्या पोत्यात टाका," ती म्हणाली. "आनेकलला वांग्यांना पाणी घालायला होईल. मग लिहा: पाइप गुंडाळणे, अर्धा दिवस."

"पाच मिनिटांचं काम आहे ते."

"उरलेला वेळ आम्ही मागच्या तीन वर्षांच्या थकबाकीत धरू."

नरसिंहरावांनी वाकून शेंगांच्या पाण्यानं बरबटलेला पाइप गुंडाळला, नीट, वेढ्यावर वेढा बसवत. मग परत येऊन सांगितलं तसंच लिहिलं, आणि खाली सही केली. एकही अक्षर लागत नव्हतं. खाली दोन ठिपके होते. आणि शेजारी, ओल्या अंगठ्याचा एक हिरवट डाग.